टाकीचं विरजण

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी घरातल्या डब्यांबरोबर काचेची टाकीही घासायला काढली. दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच अशी ती टाकी. तिच्यात चाळीसेक लाल कोळंब्या, लाकडाचा एक वेडावाकडा तुकडा आणि त्या लाकडावर अस्ताव्यस्त माजलेली हिरवी मॉस. कोळंब्या बादलीत काढल्या. वाळू चार पाण्यांनी धुतली. लाकूड ब्रशने घासलं. फिल्टरचा काळपट स्पंज गरम पाण्यात पिळून पिळून नव्यासारखा केला. मग नवे दगड मांडले, नळाचं पाणी भरलं, क्लोरिन घालवायचं औषध टाकलं आणि कोळंब्या परत सोडल्या. वसुबारसेला टाकी अशी लखलखत होती की आत पाणी आहे की नाही, असा प्रश्न पडावा. भाऊबीजेपर्यंत सहा कोळंब्या मेल्या. तुळशीच्या लग्नापर्यंत टाकीत एकही उरली नाही.

नेमकं काय चुकलं हे समजून घ्यायला मला पुष्कळ वाचावं लागलं, आणि उत्तर मात्र स्वयंपाकघरातलंच निघालं. दही लावणारं माणूस जुनं दही संपवताना चमचाभर मागे ठेवतं. त्या चमचाभर दह्यावर उद्याचं दही अवलंबून असतं. मी टाकीचं विरजणच मोरीत ओतून दिलं होतं.

लहान टाकीची पुनर्रचना कधी ना कधी करावीच लागते. दोन-तीन वर्षांत मॉस इतकी दाट होते की खालचा थर उजेडावाचून तपकिरी पडून सुटतो, वाळूत गाळ साचतो, लाकूड मऊ पडून खचतं. अशा वेळी टाकीचं रूप कसं बदलावं आणि तिच्यातलं न दिसणारं जग कसं टिकवावं, याचा विचार या प्रकरणात करू.

कोण राहतं या टाकीत

बाजारात ‘चेरी श्रिंप’ म्हणून मिळणाऱ्या कोळंबीचं शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. ती मूळची चीन, तैवान, कोरिया, व्हिएतनाम या भागांतल्या गोड्या पाण्याची. निसर्गात तिचा रंग मळकट तपकिरी, जवळजवळ पारदर्शक असतो. लाल, पिवळा, निळा हे रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडक पैदास करून आणले. मादी जेमतेम ३ सेंटीमीटरची, म्हणजे आपल्या जवळ्याच्या मापाची. नर तिच्याहून बारीक आणि फिकट. आयुष्य वर्ष-दीड वर्षाचं, फार तर दोन वर्षांचं.

हिचीच एक देखणी नातलग म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्रिस्टल रेड. जपानच्या हिसायासु सुझुकी यांना १९९० च्या दशकात काळ्या-पांढऱ्या बी श्रिंपच्या घोळक्यात एक लाल पिल्लू दिसलं. त्या एका रंगबदलातून त्यांनी हा वाण सिद्ध केला. पण ती मृदू, किंचित आम्ल आणि गार पाण्याची सवयीची. आपल्या हवेत नव्याने सुरुवात करणाऱ्याने चेरीपासूनच करावी. साधारण २० ते २६ अंश सेल्सिअस तापमान आणि ६.५ ते ८ पीएच एवढ्या ऐसपैस मर्यादेत ती सुखाने राहते.

कोळंबीचं सगळं जगणं तिच्या कवचाभोवती फिरतं. कवच वाढत नाही, म्हणून अंग वाढलं की कात टाकावी लागते. पिल्लं काही दिवसांनी एकदा, मोठ्या कोळंब्या काही आठवड्यांनी एकदा कात टाकतात. डोक्याच्या आणि पाठीच्या सांध्यावर कवच उकलतं आणि एका झटक्यात कोळंबी बाहेर येते. मागे तिचीच काचेसारखी प्रतिमा पडून राहते. नवं कवच मऊ असतं, त्यामुळे ती एखाद-दुसरा दिवस आडोशाला बसून राहते. नव्या कवचासाठी पाण्यात कॅल्शियम हवं. पाणी फारच मृदू असेल, किंवा पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण अचानक बदललं, तर कात अर्ध्यावर अडकते आणि कोळंबी त्यातच मरते. म्हणून टाकलेली कात उचलून फेकू नये. कोळंब्या ती खातात आणि त्यातले क्षार परत अंगी लावतात.

अंडी तयार झालेली मादी कात टाकते तेव्हा पाण्यात एक गंधसंदेश सुटतो आणि टाकीतले सगळे नर वेड्यासारखे पोहत सुटतात. पुढे मादी वीस-तीस अंडी पोटाखालच्या पोहण्याच्या पायांत धरते आणि तीन ते चार आठवडे त्यांना सतत वारा घालावा तसं पाणी घालत राहते. अंड्यातून बाहेर येतं ते थेट कोळंबीचं पूर्ण रूप, फक्त एक-दोन मिलीमीटरचं. या पिल्लाला दूर जाऊन अन्न शोधता येत नाही. जिथे जन्मलं तिथेच खायला हवं आणि लपायलाही. या दोन्ही गरजा मॉस भागवते.

न दिसणारे रहिवासी

बंद टाकीत जीव टिकवण्याचा प्रश्न जुना आहे. लंडनमधले रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये एका काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासे सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेईल आणि वनस्पती सोडते तो प्राणवायू मासे घेतील, असा हिशेब होता. पण झाडाची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टन यांनी मग डबक्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी निवळलं. खाणारा आणि पिकवणारा यांच्या जोडीला कुजलेलं निस्तरणाराही लागतो, हा धडा १८५० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केला. आपल्या टाकीत गोगलगाईचं काम कोळंब्या करतात.

वॉरिंग्टन यांना आणखी एक सोबती मिळाला होता, त्याची ओळख मात्र पुढे चार दशकांनी पटली. कोळंबीची विष्ठा, उरलेलं अन्न, कुजलेलं पान यांतून अमोनिया सुटतो. तो अत्यंत विषारी. पाणी जितकं अल्कलीकडे झुकलेलं तितका जास्त. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांवर जातो. या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये वेगळे करून दाखवले. दोन टप्पे, दोन वेगळे जिवाणू, असं त्यानंतर सव्वाशे वर्षं मानलं गेलं. २०१५ मध्ये दोन संशोधकगटांनी दोन्ही टप्पे एकटाच उरकणारा नायट्रोस्पायरा जिवाणू शोधला. त्यांतल्या नेदरलँड्समधल्या गटाला तो मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये सापडला होता.

या जिवाणूंचा स्वभाव लक्षात ठेवण्याजोगा आहे. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. स्पंजची भोकं, वाळूचा कण, लाकडाची साल, मॉसचं पान अशा प्रत्येक ठिकाणी त्यांचा बुळबुळीत थर जमतो. शिवाय ते सावकाश वाढतात. दह्यातले जिवाणू रात्रीत दुधाचं दही करतात, पण नवी टाकी मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. मी स्पंज गरम पाण्यात पिळला, वाळू क्लोरिनच्या पाण्यात धुतली आणि त्याच दिवशी चाळीस जीव परत सोडले. त्यांनी सोडलेला अमोनिया खाणारं कुणी उरलंच नव्हतं.

त्याच बुळबुळीत थरात जिवाणूंबरोबर सूक्ष्म शैवाल, बुरशी, एकपेशीय प्राणीही असतात. कोळंबी दिवसभर पुढच्या चिमुकल्या नांग्यांनी काहीतरी टिपून तोंडात घालताना दिसते, ती हाच थर चरत असते. त्यामुळे स्पंज घासला की तिचा सफाई कामगार जातो आणि कुरणही जातं.

शेवाळ आणि शेवाळी

आपल्या बोलीत ‘शेवाळ’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना चालतो. नदीच्या घाटावर ज्याच्यावरून पाय घसरतो ते बहुधा शैवाल. त्याला खोड, पान असं काही नसतं. पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर, जुन्या कौलांवर, विहिरीच्या कठड्यावर जी हिरवी मखमल उगवते ती मॉस. तिला मराठी परिभाषेत हरिता म्हणतात आणि तिच्या मोठ्या गटाला शेवाळी. शाळेतल्या पुस्तकात फ्युनारियाचं चित्र पाहून ‘वनस्पतिसृष्टीतले उभयचर’ असं आपण जे पाठ केलं, ते हिच्याबद्दल. जमिनीवर राहूनही प्रजननासाठी तिला पाण्याचा थर लागतो, कारण तिचे पुंयुग्मक पोहत जातात. जगात मॉसच्या सुमारे १२ हजार जाती आहेत.

टाकीत शैवाल माजलं तर आपण वैतागतो आणि मॉस वाढली तर आनंदतो. एकाच शब्दातली ही दोन माणसं वेगळी ओळखता आली की अर्धं काम झालं.

मॉसला खरी मुळं नसतात. दगडा-लाकडाला धरून ठेवायला बारीक मूलाभ असतात, पण अन्नपाणी ती अंगभर शोषते. तिचं पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं. त्यामुळे पाण्यात मिसळलेला अमोनिया आणि नायट्रेट ती थेट घेते, आणि त्यामुळेच तांब्यासारखं विषही तिला चटकन बाधतं. मुळं नसल्याने तिला खतमाती लागत नाही. ज्या लाकडावर बांधाल ते लाकूड उचलून दुसरीकडे ठेवलं तरी तिचं काही बिघडत नाही. पुनर्रचना करणाऱ्याला याहून सोयीची वनस्पती मिळणार नाही. टाकीत तिचा प्रसार बीजाणूंनी क्वचितच होतो. तुटलेला सेंटीमीटरभर तुकडा जिथे अडकेल तिथे नवी जुडी धरते.

दुकानांत मिळणाऱ्या मॉसपैकी सगळ्यांत काटक जावा मॉस. कित्येक वर्षं ती व्हेसिक्युलारिया डुबियाना या नावाने विकली गेली, प्रत्यक्षात ती टॅक्सिफायलम बार्बिएरी. तिच्या फांद्या वाटेल तशा पसरतात. उन्हाळ्याची धग सगळ्यांत जास्त तीच सोसते. ख्रिसमस मॉसच्या फांद्या त्रिकोणी, खाली झुकलेल्या, एकावर एक रचलेल्या. तिला थोडा जास्त उजेड आणि गारवा हवा. फ्लेम मॉस ज्योतीसारखी पीळ घेत वर चढते. वीपिंग मॉसची टोकं थेंबासारखी खाली ओघळतात. फिसिडेन्स फाँटेनस ही उत्तर अमेरिकेतली मॉस पिसासारखी, ठेंगणी आणि फार सावकाश वाढणारी. म्हणून तिची कापणी कमी करावी लागते.

भिंतीवरची मॉस खरवडून टाकीत घालायचा मोह पावसाळ्यात होतो. ती जमिनीवरची असते; काही आठवडे हिरवी दिसते आणि मग कुजू लागते. तिच्याबरोबर काय काय पाण्यात येईल याचीही खात्री नसते.

मोकळी जागा

पाण्याखालच्या बागेला आज जे रूप आहे त्यावर जपानच्या ताकाशी अमानो यांचा ठसा आहे. निगाता इथे १९५४ मध्ये जन्मलेले अमानो आधी व्यावसायिक सायकलपटू होते, मग छायाचित्रकार झाले. अ‍ॅमेझॉन, बोर्निओ, पश्चिम आफ्रिका इथल्या जंगलांची छायाचित्रं त्यांनी मोठ्या कॅमेऱ्याने टिपली. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. शैवाल खाण्यासाठी टाकीत कोळंब्या ठेवण्याची रीत त्यांच्यामुळे जगभर गेली, आणि कॅरिडिना मल्टिडेंटाटा ही जात आज ‘अमानो श्रिंप’ म्हणूनच ओळखली जाते. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी २०१५ मध्ये रचलेली पाण्याखालची जंगलं ४० मीटर लांबीची आहेत. त्याच वर्षी ते गेले.

त्यांच्या दगडरचनांमागे इवागुमी ही जपानी पद्धत आहे. मुख्य दगड ओयाइशी, त्याला साथ देणारा फुकुइशी, त्याच्या खालोखाल सोएइशी आणि झाडोऱ्यात हरवून जाण्यासाठीच ठेवलेला सुतेइशी. मुख्य दगड बरोबर मध्ये न ठेवता एका बाजूला, साधारण एक तृतीयांशावर ठेवायचा. सगळ्या दगडांच्या रेषा एकाच दिशेला झुकलेल्या असाव्यात, वाहत्या पाण्याने वळवल्यासारख्या.

फूट-दीड फुटाच्या टाकीला एवढ्या तत्त्वांतलं थोडंच पुरतं. मी दुसऱ्या वेळी तीनच गोष्टी ठरवल्या. मागे डाव्या कोपऱ्यात लाकूड उभं करायचं, त्याच्या फांद्या उजवीकडे पुढे झुकतील असं. वाळू मागे चार बोटं आणि पुढे एक बोट, म्हणजे उतारामुळे खोली वाढल्याचा भास होतो. आणि पुढचा उजवा तिसरा भाग पूर्ण मोकळा ठेवायचा. हा मोकळा भाग नजरेला विसावा देतो, गाळ दिसला की नळीने ओढून घेता येतो, आणि पिल्लं खायला बाहेर आली की मोजताही येतात.

दगडांसाठी महाराष्ट्रातल्या माणसाला लांब जायला नको. दुकानात ‘लाव्हा स्टोन’ म्हणून मिळतो तो ज्वालामुखीचाच दगड. आपलं दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलं आहे. आपला काळा कातळ पाण्याचा गुणधर्म सहसा बदलत नाही. पण त्याच्या पोकळ्यांत कधी पांढरे स्फटिक असतात. त्यांतलं कॅल्साइट पाण्यात विरघळून पाणी जड करतं. दगडावर लिंबू पिळावं. फेस आला तर तो टाकीत घालू नये. गारगोटीला फेस येत नाही.

हलवण्याचा दिवस

पुनर्रचना एका सुट्टीच्या दिवशी, सलग चार-पाच तास हाताशी ठेवून करावी. आदल्या दिवशी कोळंब्यांना खायला घालू नये आणि लाकूड उकळून पाण्यात बुडवून ठेवावं. कोरडं लाकूड तरंगतं.

सकाळी आधी टाकीतलंच पाणी नळीने दोन बादल्यांत काढायचं. माझ्या टाकीची मापं १८ × १२ × १२ इंच, म्हणजे काठोकाठ भरली तर ४२ लिटर. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा करता पाणी ३५ लिटर. त्यातलं २५ लिटर मी राखून ठेवलं. हे जुनं पाणी जिवाणूंसाठी ठेवायचं नसतं. ते कोळंबीसाठी असतं, क्षारांचं प्रमाण एकदम बदलू नये म्हणून.

पहिल्या बादलीत स्पंज फिल्टर चालूच ठेवायचा. हवेचा पंप तासभरही बंद राहिला तर स्पंजच्या आतले जिवाणू प्राणवायूवाचून गुदमरू लागतात. कोळंब्या त्याच बादलीत. त्या पकडायला जाळीने पाठलाग करू नये. मॉसचं लाकूड अलगद उचललं की निम्म्या त्याच्याबरोबर येतात. जुनी मॉस बादलीच्या पाण्यात खळबळून पाहावी; मिलीमीटरभराची पिल्लं तिच्या आत बसलेली असतात. मी त्या दिवशी ३१ मोठ्या मोजल्या आणि पिल्लं मोजता आली नाहीत.

कोळंब्या बाहेर असतानाच वाळूला हात घालायचा. खालच्या थरात हवा पोहोचत नाही. तिथे गाळ सडून हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला की समजावं. वरची बोटभर वाळू वेगळी काढून ठेवायची, खालची धुऊन घ्यायची, आणि नव्या रचनेत धुतलेली खाली, न धुतलेली वर. विरजण वरच्याच थरात असतं. पाणवनस्पतींसाठी मिळणारी खतयुक्त माती नव्याने घातली तर पहिले काही आठवडे ती स्वतःच अमोनिया सोडते. वस्ती असलेल्या टाकीत ती घालू नये.

मॉस बांधण्याचं काम निवांत, मांडी घालून करायचं. जुन्या जुडीची हिरवी टोकं कात्रीने सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची चिरून घ्यावी. खालचा तपकिरी भाग सोडून द्यावा. ओल्या लाकडावर हे तुकडे अगदी विरळ, लाकूड मधून मधून दिसेल एवढेच पसरावे आणि सुती दोरा सैलसर गुंडाळावा. जाड थर लावला तर तळाला उजेड पोहोचत नाही, तो सडतो आणि वरचा भाग गालिच्यासारखा सुटून तरंगतो. सुती दोरा काही आठवड्यांत कुजून जातो, तोवर मूलाभांनी पकड घेतलेली असते. बारीक फांद्यांना आणि दगडांना सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेव्हिक्विकसारखा गोंद, ठिपक्याएवढा लावला तरी चालतो. पाण्यात तो घट्ट होतो. गालिच्यासाठी जाळी घ्यायची तर स्टेनलेस स्टीलची. जस्ताचा मुलामा असलेली जाळी घेऊ नये. माझ्या टाकीत लाकडाच्या टोकांना वीपिंग मॉस लावली, बुंध्याला जुन्या टाकीतलीच जावा मॉस, आणि एका कातळाच्या तुकड्यावर फिसिडेन्स.

शेवटी वाळूवर बशी ठेवून तिच्यावर जुनं पाणी हळूहळू ओतायचं, स्पंज जागेवर लावायचा आणि उरलेल्या दहा लिटर नव्या पाण्यातून क्लोरिन घालवून ते बारीक नळीने थेंबथेंब सोडायचं. कोळंब्यांना शेवटी, पाणी निवळल्यावर. स्पंज त्या दिवशी पिळायचा नाही. पुढे कधी पिळायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात, दोनदा दाबून, एवढंच.

पुढचे सहा आठवडे

नव्या लाकडावर आठवड्याभरात पांढरा, कापसासारखा थर आला तर घाबरू नये. लाकडातून झिरपणाऱ्या साखरेवर जगणारी ती बुरशी आणि जिवाणू आहेत. कोळंब्या त्या थरावर तुटून पडतात आणि दोन-तीन आठवड्यांत तो संपतो. काचेवर तपकिरी भुकटी दिसते ती डायटम शैवालाची, तीही आपसूक कमी होते. खरं भांडण तंतुशैवालाशी. ते मॉसमध्ये गुंतलं तर जुन्या टूथब्रशवर शेवयांसारखं गुंडाळून काढावं. त्यावर औषध मारू नये. शैवालनाशकात आणि माशांच्या काही औषधांत तांबं असतं. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोसायनिन तांब्यावरच चालतं, तरीही पाण्यातलं जास्तीचं तांबं तिचा जीव घेतं. दिवा सहा ते आठ तास पुरतो. कमी उजेडाची सवय असल्याने मॉस टिकते आणि तंतुशैवाल उपाशी राहतं.

घरातल्या आणखी एका सवयीकडे लक्ष द्यावं लागतं. डासांसाठी लावलेली वडी किंवा द्रव औषध यांत पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. कोळंबी कीटकांची लांबची नातलग, दोन्ही संधिपाद. हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो. टाकी असलेल्या खोलीत जाळी लावावी, औषध नको. पालकाचं पान खायला द्यायचं तर फवारणीची शंका नसलेलं, उकडून.

खाण्यासाठी आणि आडोशासाठी रस्त्याकडेच्या देशी बदामाचं गळून पडलेलं, वाळलेलं पान स्वच्छ धुऊन टाकावं. त्यातून सुटणाऱ्या टॅनिनने पाण्याला चहाची छटा येते आणि पानावर जमणारा थर पिल्लांना आवडतो. जगभरचे शौकीन हे पान विकत घेतात. आपल्याकडे ते झाडाखाली पडलेलं असतं. झाडावर औषध फवारलेलं नाही, एवढी खात्री करावी.

पाण्याच्या बाबतीत गावागणिक फरक आहे. मुंबईत तलावांचं मृदू पाणी येतं. त्यात समुद्रफेनाचा छोटा तुकडा ठेवला तर कवचासाठी कॅल्शियम हळूहळू मिळतं. पठारावरच्या बोअरवेलचं पाणी बहुधा जड असतं, त्यात समुद्रफेनाची गरज नाही. टँकरचं पाणी दर खेपेला वेगळं असू शकतं, म्हणून ते एकदम न घालता थोडं थोडं घालावं.

एप्रिल-मे हा खरा परीक्षेचा काळ. तीस अंशांपुढे पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि कोळंबीची गरज मात्र वाढते. यावर उपाय माठाचा. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाफ होताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की हेच घडतं. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ४८० किलोज्यूल उष्णता लागते. ३५ लिटर पाणी एक अंशाने थंड करायला सुमारे १४७ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे खोलीतून उष्णता परत आत आली नसती, तर एका पेल्याने टाकी तीन अंशांहून अधिक उतरली असती. प्रत्यक्षात उष्णता परत येतच असते, पण दोन-तीन अंशांचा फरक सहज मिळतो आणि तेवढ्यावर उन्हाळा निघतो. वाफ पाण्याचीच होते, क्षार मागे राहतात. म्हणून कमी झालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरावं.

कापलेलं कुठे टाकायचं

सहा आठवड्यांनी मॉसची पहिली कापणी येते. फिल्टर बंद करून कात्री चालवावी आणि तुकडे नळीने ओढून घ्यावे, नाहीतर महिन्याभरात स्पंजवरही मॉस उगवते. उरलेली मॉस एखाद्या नव्या शौकिनाला द्यावी, तीही ओली, थोड्या जुन्या पाण्यासकट. नाही तर कडक उन्हात पूर्ण वाळवून मग कचऱ्यात टाकावी. ओढ्यात, नदीत, गटारात नाही. जर्मनीतल्या एर्फ्ट नदीच्या कोमट पाण्यात चेरी श्रिंप आज मोकळी नांदते आहे, आणि ती टाक्यांमधूनच तिथे गेली. आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांत कॅरिडिना वंशातल्या स्वतःच्या कोळंब्या आहेत. त्यांच्या घरात आपल्या हौशीचं ओझं टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसऱ्या पुनर्रचनेत मी दोन कोळंब्या गमावल्या, दोन्ही पहिल्या आठवड्यात. पाचव्या आठवड्यात मोकळ्या ठेवलेल्या उजव्या कोपऱ्यात बदामाच्या पानावर अकरा पिल्लं दिसली, मोहरीच्या दाण्याहून बारीक, आत्ताच लाल होऊ लागलेली. टाकी पाहायला आलेल्यांना नवं लाकूड आवडतं, फिसिडेन्सची पिसं आवडतात. मागच्या कोपऱ्यातला काळपट स्पंज तेवढा बदलून टाका, असं बहुतेक जण सुचवतात. या दिवाळीतही घरातले सगळे डबे घासून झाले, तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळून झाली. स्पंज मी टाकीच्याच बादलीभर पाण्यात दोनदा दाबला आणि होता तसा परत लावला.